सायमॅटिओआ कूकी : एक सेंटिमीटरचा शिंपला आणि ‘ही प्रजाती नवी आहे’ असे म्हणण्याआधीचे काम

कातळकोंड (धागाकर्ता)

२०१८ सालच्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील सांता बार्बराजवळच्या नेपल्स पॉइंट या खडकाळ किनाऱ्यावर जेफ गोडार्ड हे संशोधक ओहोटीच्या वेळी दगड उलटून पाहत होते. त्यांना हव्या होत्या न्यूडिब्रँक, म्हणजे कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी. एका दगडाखाली त्यांना दोन चिमुकले, जवळजवळ पारदर्शक शिंपले दिसले. लांबी जेमतेम एक सेंटिमीटर. शिंपले उघडले आणि आतून शिंपल्यापेक्षाही लांब, पांढऱ्या पट्ट्यांचा पाय बाहेर आला. त्या किनाऱ्याची खडान्‌खडा माहिती असलेल्या गोडार्ड यांनी असा प्राणी तिथे कधी पाहिला नव्हता. तो दुर्मीळ दिसतो म्हणून त्यांनी तो उचलला नाही. जवळून छायाचित्रे घेतली आणि सांता बार्बरा निसर्गेतिहास संग्रहालयातील शिंपल्यांचे अभ्यासक पॉल व्हॅलेंटिच-स्कॉट यांच्याकडे पाठवली.

व्हॅलेंटिच-स्कॉट यांनाही तो ओळखता येईना. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील शिंपल्यांवर ज्यांनी उभे आयुष्य घालवले आहे, त्यांना जर एखादा शिंपला अनोळखी वाटत असेल, तर तो नवा असण्याची शक्यता मोठी असते. तरीही केवळ छायाचित्रावरून काहीही ठरवता येत नव्हते. प्रत्यक्ष नमुना हवा होता. गोडार्ड पुन्हा पुन्हा त्याच जागी गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. २०१९ च्या मार्चमध्ये, नवव्या फेरीत, आता नाद सोडावा या विचारापर्यंत आलेले असताना, एका दगडाखाली त्यांना एकच शिंपला मिळाला. शेजारी दोन लहान पांढऱ्या समुद्री गोगलगायी आणि एक मोठा कायटन, म्हणजे खडकाला चिकटून राहणारा कवचधारी प्राणी, होता.

इथून पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नमुना हातात आल्यावर व्हॅलेंटिच-स्कॉट यांनी त्याला लगेच नाव दिले नाही. त्यांनी आधी त्याची प्रजात, म्हणजे जवळच्या जातींचा गट (जीनस), निश्चित केली : सायमॅटिओआ. मग त्या प्रदेशातून या गटातील काय काय नोंदले गेले आहे ते मागे जाऊन तपासले. जिवंत प्राण्यांच्या यादीत जुळणारे काही नव्हते. जुळणारे नाव निघाले ते जीवाश्मांच्या यादीत. जॉर्ज विलेट यांनी १९३७ साली लॉस एंजेलिसमधील बाल्डविन हिल्स येथील प्लाइस्टोसीन (हिमयुगांच्या) काळाच्या थरांतून एका शिंपल्याचे वर्णन केले होते. त्याचे फक्त दोन नमुने ज्ञात होते आणि ते एडना कूक या संग्राहक बाईंना मिळाले होते. प्रजातीला नाव त्यांचेच दिले होते. लॉस एंजेलिस काउंटीच्या निसर्गेतिहास संग्रहालयातून विलेट यांचा मूळ नमुना मागवला गेला, जिवंत सापडलेला शिंपला त्याच्या शेजारी ठेवला गेला आणि दोन्ही एकाच जातीचे आहेत हे स्पष्ट झाले. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ‘झूकीज’ या नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला.

म्हणजे नवी वाटलेली प्रजाती नवी नव्हती. तिचे बारसे ८० वर्षांहून अधिक काळापूर्वीच झालेले होते.

हा धागा काढण्याचे कारण असे की ‘नवीन प्रजाती सापडली’ अशी बातमी आपण वाचतो, तेव्हा डोळ्यांपुढे किनाऱ्यावरचा तो एक क्षण येतो. माझ्या मते प्रजाती किनाऱ्यावर ठरत नाही. ती टेबलावर ठरते, जुन्या नमुन्याशेजारी नवा नमुना ठेवून. इंचापेक्षा लहान शिंपल्यांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे, कारण तिथे रंग, आकार आणि घाट यांवर भरवसा ठेवता येत नाही. तिसऱ्यांच्या, म्हणजे खायच्या शिंपल्यांच्या, टोपलीत हात घातला, तरी एकाही शिंपल्यावरची नक्षी दुसऱ्यासारखी नसते, पण सगळ्या तिसऱ्याच असतात. उलट चार मिलिमीटरचे दोन पांढरे, गुळगुळीत, अंडाकृती शिंपले वरून हुबेहूब दिसतात आणि आतली बिजागर पाहिली, की दोन वेगळ्या कुळांतले निघतात.

बिजागर म्हणजे शिंपल्याच्या दोन झडपा, म्हणजे कवचाचे दोन अर्धे भाग, जिथे जोडलेल्या असतात, तो वरचा भाग. तिथे बारीक दात असतात. डाव्या झडपेचा दात उजवीच्या खाचेत बसतो, म्हणजे झडपा सरकत नाहीत. दात किती आहेत, शिखराच्या, म्हणजे झडपेच्या वरच्या टोकाच्या, पुढे आहेत की मागे, त्यांच्यामध्ये लवचीक बंधाचा खळगा कुठे येतो, स्नायूंचे ठसे केवढे आहेत, कडा सरळ आहे की बारीक लाटांची, या गोष्टींवर ओळख उभी राहते. सायमॅटिओआ या नावातच ग्रीक भाषेतली लाट आहे.

या विषयावर आपल्यापैकी ज्यांनी काही पाहिले, हाताळले किंवा वाचले असेल त्यांनी जरूर लिहावे.

---

खाडीकाठ

लेख आवडला. दोन शंका आहेत. पहिली, बाल्डविन हिल्सचे जीवाश्म किती जुने मानले जातात? दुसरी, एवढा मोठा काळ हा प्राणी होता कुठे? कॅलिफोर्नियाचा किनारा काही दुर्गम नाही. तिथे विद्यापीठे आहेत, संग्रहालये आहेत, हौशी संग्राहकांची पिढ्यान्‌पिढ्यांची परंपरा आहे. असे असताना एक सेंटिमीटरचा प्राणी सर्वांच्या नजरेतून सुटतो, हे पटायला जड जाते.

---

कातळकोंड

खाडीकाठ, त्या थरांचे वय सुमारे २८,००० ते ३६,००० वर्षे सांगितले जाते. भूशास्त्राच्या हिशेबात हा काळ अगदी अलीकडचा आहे. त्यामुळे तो प्राणी आजही जिवंत असणे अशक्य कोटीतले नव्हते. तो जिवंत कोणी पाहिला नव्हता, एवढेच.

तो कुठे होता, या प्रश्नावर गोडार्ड यांचा तर्क असा आहे की तो दक्षिणेकडे, मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर असावा. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य प्रशांत महासागरात पाणी असाधारण तापले होते आणि दक्षिणेकडच्या अनेक समुद्री प्राण्यांच्या अळ्या प्रवाहांबरोबर उत्तरेला येऊन तिथे रुजल्या. हा शिंपलाही तसाच आला असेल. हा तर्क आहे, सिद्धान्त नाही, आणि तो मांडणाऱ्यांनीही तसाच मांडला आहे.

नजरेतून सुटण्याबद्दल सांगायचे तर या प्राण्यांची राहणीच तशी आहे. हा शिंपला गॅलिओमॅटॉइडिया या मोठ्या गटातला आहे. यांतले बहुतेक सदस्य लहान असतात आणि दगडांखाली, फटींत किंवा दुसऱ्या प्राण्यांच्या बिळांत राहतात. आपल्या ओळखीच्या तिसऱ्या वाळूत स्वतःला पुरून घेतात, कालवे कातळाला कायमची चिकटतात. हे मात्र पायावर चक्क सरपटत चालतात, गोगलगायीसारखे. कित्येकांचा प्रावार, म्हणजे अंगाचा मऊ पडदा, कवचावर बाहेरून पांघरलेला असतो. त्यामुळे शिंपला पाहिल्यासारखे वाटतच नाही. फ्लोरिडामध्ये कोळंबीसारख्या दिसणाऱ्या मॅंटिस श्रिंपच्या बिळात राहणारी एक जाती पॉला मिकेलसेन आणि रूडिगर बीलर यांनी १९८९ साली वर्णन केली. ती बिळाच्या भिंतीला धाग्यांनी लोंबकळते, म्हणून तिचे नाव डायव्हॅरिसिंटिला योयो असे ठेवले. किनाऱ्यावर कितीही हिंडले, तरी बिळातला चिखल उपसल्याखेरीज ती दिसणार नाही.

---

सिंधुसागर

मला मूळ निष्कर्षाबद्दलच थोडे मतभेदाचे लिहायचे आहे. दोन जीवाश्म, दोन छायाचित्रांतले आणि एक हातात आलेला नमुना, एवढ्याच आधारावर ‘हीच ती जाती’ असे म्हणणे धाडसाचे नाही का? शिंपल्याचे कवच हे प्राण्याचे फक्त घर आहे. आजकाल डीएनएवरून असे आढळते की एकसारख्या कवचांखाली दोन-दोन, तीन-तीन वेगळ्या जाती दडलेल्या असतात. मग २८,००० वर्षांच्या अंतराने आलेली दोन कवचे जुळली, म्हणून जाती एकच कशी?

---

कातळकोंड

सिंधुसागर, आक्षेप रास्त आहे आणि त्याला बगल देण्याची माझी इच्छा नाही. जीवाश्माच्या बाबतीत तुलना कवचावरच करावी लागते, कारण दुसरे काही शिल्लकच नसते. मऊ शरीर कुजून जाते आणि उरते ते चुन्याचे कवच.

परंतु उलट बाजूने विचार करा. कवच जुळत असताना ‘अंतर मोठे आहे’ एवढ्याच कारणाने जिवंत प्राण्याला नवे नाव दिले असते, तर ते नाव कशाच्या आधारावर उभे राहिले असते? नव्या प्रजातीच्या लेखात सर्वांत अवघड परिच्छेद असतो तो तुलनेचा : ही जाती आधी ज्ञात असलेल्या अमुक जातीपासून अमुक लक्षणांनी वेगळी आहे. तो परिच्छेद लिहिण्यासाठी फरक दाखवता आला पाहिजे. विलेट यांच्या नमुन्यापासून फरक दाखवता येत नव्हता, म्हणून जुने नाव वापरणे हेच प्रामाणिकपणाचे होते. उद्या जास्त नमुने मिळाले आणि सातत्याने दिसणारा फरक आढळला, तर जिवंत प्राण्याला वेगळे करण्याचा मार्ग मोकळाच आहे. आधी वेगळे नाव देऊन मागाहून ते रद्द करावे लागणे हे अधिक घोटाळ्याचे असते. शिंपल्यांच्या अभ्यासात असे रद्द झालेल्या नावांचे ढीग आहेत, कारण एकोणिसाव्या शतकात पुष्कळांनी रंगावरून आणि नक्षीवरून नावे वाटली.

नमुने थोडे असण्याबद्दलही एक वस्तुस्थिती सांगतो. न्यू कॅलेडोनियातील कूमाक येथे फिलिप बूशे आणि सहकाऱ्यांनी कवचधारी आणि इतर मृदुकाय प्राण्यांची फार मोठी मोजदाद केली होती, ती २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. ३०० चौरस किलोमीटरहून थोड्या कमी क्षेत्रात त्यांना २,७३८ जाती मिळाल्या आणि त्यांतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या जातींचा प्रत्येकी एकच नमुना मिळाला. लहान समुद्री प्राण्यांच्या जगात एकच नमुना हाती असणे हा अपवाद नसून रोजचा व्यवहार आहे.

---

सिंधुसागर

तुलनेच्या परिच्छेदाचा मुद्दा पटला. ‘वेगळे आहे’ हे दाखवण्याची जबाबदारी नवे नाव देणाऱ्यावर असते, या बाजूने मी विचार केला नव्हता. नामकरणाच्या नियमांबद्दल थोडे लिहाल का?

---

कातळकोंड

प्राण्यांची नावे एका आंतरराष्ट्रीय नियमसंहितेनुसार चालतात. तिचा प्रारंभबिंदू म्हणजे लिनियस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाच्या ग्रंथाची १७५८ ची दहावी आवृत्ती. नियमांचा गाभा असा की आधी दिलेले वैध नाव टिकते. १९३० नंतर दिलेल्या नावाबरोबर शब्दांत वर्णन किंवा व्याख्या असावी लागते. नुसते चित्र पुरत नाही. १९९९ नंतरच्या नावासाठी ते नाव ज्याला बांधलेले असते तो मूळ नमुना, म्हणजे होलोटाइप (किंवा तशा नमुन्यांचा संच), स्पष्टपणे नेमून द्यावा लागतो. लेख केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघत असेल, तर २०१२ पासून झूबँक या नोंदवहीत नोंदणी आवश्यक आहे. होलोटाइप ही मोठी शहाणपणाची सोय आहे. वर्णन चुकीचे असू शकते, चित्र ढोबळ असू शकते. पण नाव बांधलेले असते ते त्या एका शिंपल्याला.

याच प्रकरणात नावांच्या दोन गमतीदार बाबी आहेत. आज आपण ‘सायमॅटिओआ कूकी (विलेट, १९३७)’ असे लिहितो. विलेट यांचे नाव कंसात आहे, कारण त्यांनी ही जाती दुसऱ्या जीनसमध्ये ठेवली होती. ठेवणे भागच होते. सायमॅटिओआ ही प्रजात तेव्हा अस्तित्वातच नव्हती. स्टिलमन बेरी यांनी ती १९६३ मध्ये क्रेनिमार्गो या नावाने स्थापली. ते नाव दुसऱ्या प्राण्याला आधीच दिलेले आहे, असे लक्षात आल्यावर त्यांनी १९६४ मध्ये ते बदलले. दुसरी बाब अशी की एखाद्या स्त्रीच्या गौरवार्थ नाव दिले, तर लॅटिन व्याकरणानुसार शेवटी सहसा ‘ई’ऐवजी ‘एई’ असा प्रत्यय येतो. एडना कूक यांच्यासाठी ते ‘कूकेई’सारखे झाले असते. २०२२ च्या लेखातही मूळचे कूकी हेच रूप वापरले आहे.

---

जुनी पाटी

मी एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात बरीच वर्षे प्रयोगशाळा सांभाळली आहे. नमुना जपण्याविषयी धाग्यात जे आले आहे, त्याला दुसऱ्या बाजूने दुजोरा देतो.

आमच्याकडे शिंपल्यांचे एक जुने कपाट होते. आत प्लायवूडचे खण, त्यांत कापसावर मांडलेले शिंपले आणि प्रत्येकाखाली शाईने लिहिलेली चिठ्ठी. मी रुजू झालो, तेव्हा ते कपाट कित्येक वर्षे उघडलेले नव्हते. उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. शिंपल्यांवर पांढरी भुकटी धरली होती. बोटाने पुसली, तर खालची नक्षी भुकटीबरोबर निघून आली. आम्हांला ती बुरशी वाटली आणि आम्ही ती पुसत राहिलो. तो रोग नसून रासायनिक क्रिया आहे, हे पुढे कळले. लाकडातून आणि गोंदातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफा बंद खणात कोंडतात आणि दमट हवेत चुन्याच्या कवचाला खात जातात. इंग्लंडमधील बाइन नावाच्या गृहस्थांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस याविषयी लिहिले, म्हणून त्यांच्या नावाने ते ओळखले जाते. त्यांनाही ते जिवाणूंचे काम वाटले होते.

शिंपल्यांपेक्षा अधिक दुःख चिठ्ठ्यांचे झाले. अर्ध्या चिठ्ठ्यांना कसर लागली होती. काहींवर ‘खाडी’ एवढाच शब्द राहिला होता. कोणती खाडी, कोणते साल, कोणी आणले, काही नाही. चार-पाच मिलिमीटरचे पांढरे शिंपले काचेच्या नळीत होते, ते मात्र शाबूत होते. परंतु नळीतला कागद विरून गेला होता. विभागप्रमुखांनी ते टाकून द्यायला सांगितले. मी ते टाकले नाहीत, पण त्यांचा उपयोगही कोणाला झाला नाही. एडना कूक यांना मिळालेला शिंपला ८० वर्षांनी मागवताच मिळाला, हे वाचताना मला त्या नळ्या आठवल्या.

---

कातळकोंड

जुनी पाटी, तुमचा प्रतिसाद वाचून वाईट वाटले आणि लिहिल्याबद्दल मनापासून आभार. चिठ्ठी गेली, की शिंपला शास्त्रापुरता मुका होतो, हे तुम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. लहान शिंपले आता लाकडाऐवजी पत्र्याच्या खणांत, आम्लरहित कागदाच्या चिठ्ठीसह ठेवतात. नमुना जिवंत मिळाला असेल, तर तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवतात, कारण फॉर्मॅलिनने डीएनए बिघडतो आणि ते आम्लधर्मी झाले, की पातळ कवचही विरघळते.

---

अपरान्त

हा धागा माझ्यासाठी अगदी वेळेवर आला. गेल्या हिवाळ्यात उधाणाच्या मोठ्या ओहोटीला मी रायगड जिल्ह्याच्या एका किनाऱ्यावरून मूठभर वाळू आणली. घरी धुऊन आधी रव्याच्या आणि मग मैद्याच्या चाळणीने चाळली. मैद्याच्या चाळणीवर जे राहिले, ते काळ्या कागदावर पसरून भिंगाखाली पाहिले. जलरंगाचा शून्य नंबरचा ब्रश ओला करून त्याच्या टोकाने एक-एक कण उचलत होते. त्यात एक सुटी झडप मिळाली, साधारण चार मिलिमीटर लांब, इतकी पातळ, की कागदावरची पेन्सिलची रेघ तिच्यातून दिसते. माझ्याकडच्या पुस्तकांत ती नाही. ती नवी असेल, असे म्हणण्याचे धाडस मी करत नाही, पण पुढे काय करावे हे समजत नाही.

---

कातळकोंड

अपरान्त, तुम्ही वाळू चाळून पाहिलीत, हेच मुळात फार कमी लोक करतात. पुढचे सांगतो.

आपल्याकडच्या पुस्तकात नसणे, याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की त्या पुस्तकात खाण्याचे आणि मोठे शिंपले आहेत. मुंबईच्या किनाऱ्यावरून अलेक्झांडर ॲबरक्रॉम्बी यांनी जमवलेल्या शंखशिंपल्यांवर जेम्स कॉस्मो मेलव्हिल यांनी १८९३ साली इंग्लंडमध्ये लेख प्रसिद्ध केला आणि त्यात एकदम २५ नव्या जातींची वर्णने दिली. म्हणजे आपल्या किनाऱ्याची बारकाईने पाहणी १३० वर्षांपूर्वी एकदा झालेली आहे. ते लेखन आधी पाहावे लागेल. मेलव्हिल यांच्या संग्रहाचा मोठा भाग कार्डिफ येथील वेल्सच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. कोकणातल्या शिंपल्याची ओळख पटवण्यासाठी कधीकधी वेल्सला पत्र लिहावे लागते, याची मला खंत आहे. पण तिथले नमुने चिठ्ठ्यांसह शाबूत आहेत, याचे समाधान त्याहून मोठे आहे.

एकाच सुट्या झडपेवरून कोणी नवी प्रजाती मांडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही झडपा जोडलेल्या आणि शक्यतो प्राणी आत असलेला नमुना हवा. गॅलिओमॅटॉइडियातला असेल, तर तो जवळच्या दगडाखाली किंवा एखाद्या किड्याच्या अथवा कोळंबीच्या बिळात असेल, म्हणून वाळू जिथली होती, तिथला परिसर पाहावा. दगड उलटलात, तर तो होता तसाच पालथा ठेवा. खालच्या बाजूचे प्राणी उन्हात मरतात. मालवणसारख्या संरक्षित सागरी क्षेत्रातून परवानगीशिवाय काही उचलता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.

तोवर तुमच्या झडपेची चांगली छायाचित्रे घ्या. बाहेरची बाजू, आतली बाजू आणि शिखराच्या वरून, अशी तीन, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. आतल्या बाजूचा प्रकाश तिरपा घ्या, म्हणजे बिजागरीच्या दातांची सावली पडेल आणि ते मोजता येतील. समोरून प्रकाश टाकला, तर पांढऱ्यावर पांढरे काहीच दिसत नाही.

---

अपरान्त

आज तिरपा प्रकाश घेऊन पाहिले. शिखराखाली एक ठळक दात आहे, त्याच्या मागे तिरका खळगा आहे आणि खळग्यापलीकडे एक लांबट कंगोरा आहे. तो दात म्हणावा की नाही, हे कळत नाही. खालची कडा भिंगातून सरळच दिसते. लांबी ३.८, उंची २.९ मिलिमीटर. झडप काचेच्या नळीत ठेवली आहे आणि जुनी पाटी यांचे ऐकून चिठ्ठी पेन्सिलने लिहिली आहे : किनाऱ्याचे नाव, तारीख, ओहोटीची वेळ, ‘वाळू, भरतीरेषेच्या खाली, खडकाला लागून’. येत्या अमावास्येच्या ओहोटीला त्याच खडकाशी पुन्हा जाते.